बागेत फरशी कमी, माती जास्त ठेवा की!

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या बागेचं सुशोभीकरण झालंय असं म्हणतात. नवीन गेट, ओपन जिम, सेल्फी पॉइंट आणि जिकडंतिकडं पेव्हिंग ब्लॉक. दुपारी दोन वाजता कोण बसतंय तिथं? सावलीच नाही. आणि जुनी झाडं होती त्यांच्या बुंध्याला चिकटून सिमेंट ओतलंय. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी सांगितलं होतं की बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, आता झाड दिल्लीतलं असो नाहीतर कोल्हापुरातलं, मुळांना हवा-पाणी लागतंयच की.

पण माझं खरं म्हणणं पाण्याबद्दल आहे. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरवाल्यांना विचारा. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं जात नाही, उलटं मागं सरकतं आणि घरात शिरतं. अशा शहरात नाल्याकाठची प्रत्येक मोकळी जागा, मग ती हुतात्मा पार्क असो की आणखी कुठली, पाण्याला चार दिवस बसायला जागा म्हणून बघायला पाहिजे. आपण मात्र तिथंच भराव टाकतो, भिंत बांधतो, वर ब्लॉक बसवतो, मग पाणी जायचं कुठं?

सिंगापूरला बिशान पार्क म्हणून आहे. तिथं कलांग नदीचा जवळपास पावणेतीन किलोमीटरचा सरळ सिमेंटचा कालवा होता, तो फोडून वळणावळणाची नदी केली आणि २०१२ ला बाग खुली झाली. एरवी पोरं पाण्यात पाय बुडवून खेळतात, पाऊस वाढला की भोंगा वाजतो, लोक वर येतात आणि पाणी गवतावर पसरतं. आता नदीच्या महापुरापुढं एक बाग काय करणार हे मलापण कळतंय, पण वळिवाच्या तासाभराच्या पावसात रस्त्याचा ओढा होतो ते तरी कमी होईल ना? अर्थात आधी नाल्यातलं सांडपाणी थांबवावं लागेल, नाहीतर पोरं काय, म्हशीपण पाय घालायच्या नाहीत.

झाडांचंपण तसंच. शोभेचे पाम लावतात, खाली लॉन, ज्याला उन्हाळ्यात रोज पाणी मारावं लागतं. करंज लावा, ताम्हण लावा (आपलं राज्यफूल आहे ते, किती बागांत दिसतं सांगा), नाल्याकडंला उंबर, वाळुंज लावा, ही पाण्याकाठचीच झाडं, पुरात सहजासहजी दगावत नाहीत.

एवढंच करा, कुठल्याही बागेचं टेंडर निघायच्या आधी तिचा नकाशा महिनाभर त्याच बागेच्या गेटवर लावा. किती फरशी, किती माती, पावसाचं पाणी कुठं मुरणार, हे त्यावर मराठीत लिहा. रोज फिरायला येणारी म्हातारी माणसं आर्किटेक्टला चार गोष्टी नक्की सांगतील, फुकटात.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर