घाटात मला थांबवणाऱ्या निळ्या रेनकोटवाल्या पोरीला

प्रिय पोरी,

तुझं नाव मला माहीत नाही गं. अंगात निळा रेनकोट होता आणि गळ्यातलं मेडिकल व्हॉलंटियरचं कार्ड वाऱ्यानं उलटं झालेलं, एवढंच आठवतंय. गेल्या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वर घाट उतरताना तू ज्या बाईला दंडाला धरून कठड्यावर बसवलंस ना, ती मी. त्या दिवशी मी तुला फार वाईट बोलले. "माझी वर्षभराची मेहनत आहे, तू कोण मला थांबवणारी" असं म्हणलं, हात झटकला. तू काही उलटून बोलली नाहीस. या वर्षी मी रेस पूर्ण केली, वय ६२, वेळ २ तास ५६ मिनिटं, आणि मेडल गळ्यात पडलं तेव्हा मला तूच आठवलीस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितीये. कुणी हिला ओळखत असेल तर पोचवा तिच्यापर्यंत.

ती रेस माझ्यासाठी काय होती ते तुला त्या दिवशी सांगायचं राहिलं, ते आधी सांगते. माझं माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळी भाग, पळणं म्हणजे आमच्याकडं शाळेला उशीर झाला की. २०१५ ला इथल्या रेसचं गिनीज रेकॉर्ड झालं तेव्हा मी समर्थ मंदिरापाशी टाळ्या वाजवायला उभी होते, पळायचं मनातसुद्धा नव्हतं. मग २०१६ ला १५ ऑगस्टला आमच्या माणची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला धावली, दहावी आली, आणि मी टीव्हीसमोर बसून रडले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडी नेसूनच अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागले, चार भिंतीच्या स्मारकापर्यंत जाऊन परत. तेव्हा मी ५३ ची. पुढं हळूहळू चालण्याचं पळणं झालं, साडीची ट्रॅकपँट झाली, रिटायर झाल्यावर तर बोगद्यातनं कुरणेश्वरपर्यंत रोजचंच. तरी घाटाच्या रेसला नाव द्यायला धाडस व्हायला ६१ वं वर्ष उजाडलं.

आणि नाव दिल्यावर जे जे कुणी सांगेल ते मी केलं. पाणी प्या, वय झालंय, डिहायड्रेशन लवकर होतं, असं सगळेच सांगायचे. आदल्या दिवशी मी मोजून ३ लिटर पाणी प्याले, पहाटे निघताना अजून दोन ग्लास, आणि रस्त्यात प्रत्येक स्टॉलवर तहान असो नसो दोन दोन कप. पाऊस होता, धुकं होतं, घाम फारसा येतच नव्हता, तरी पीत राहिले. चढ छान गेला. वर वळसा घेऊन उतरायला लागले आणि डोकं जड झालं, मळमळायला लागलं. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून पुढच्या स्टॉलवर अजून प्याले.

तू पुढच्या वळणावर उभी होतीस. शेजारून पळणारी चांगली माणसं मला धरून "काकूंना पाणी द्या पाणी द्या" म्हणत होती, एकानं तर बाटली तोंडाला लावलीच होती, आणि तू ती बाजूला केलीस. तू माझा हात हातात घेतलास आणि बांगड्या बघितल्यास. सकाळी सैल होत्या त्या मनगटात रुतल्या होत्या, बोटं सुजलेली, अंगठी हलत नव्हती. तू विचारलंस, काकू आत्तापर्यंत किती कप झाले? लघवीला गेलात का? बीपीची गोळी कुठली घेता? मग विचारलंस, कुठं राहता, आणि मी शाहूपुरीच्या ऐवजी माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. तुझा चेहरा तेव्हा बदलला ते मला आजही दिसतंय. "काकू, आता एक घोटही नाही आणि एक पाऊलही नाही" असं म्हणालीस आणि वॉकीवाल्याला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलीस. ती येईपर्यंत स्वतःचा रेनकोट माझ्या अंगावर टाकलास, स्वतः भिजलीस.

हॉस्पिटलात रक्त तपासलं, सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, १२६. नॉर्मल १३५ ते १४५ असतं म्हणे. वजन केलं तर सकाळच्यापेक्षा दीड किलो जास्त, पळून आलेल्या बाईचं वजन वाढलेलं! ३ टक्क्यांचं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मिठाचं सलाईन थोडं थोडं दिलं, संध्याकाळपर्यंत डोकं ताळ्यावर आलं. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, साधं पाणी अजून पाजलं असतं तर फिट येऊ शकली असती, मेंदूला सूज येते, माणूस दगावतोसुद्धा. मुलगा बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला होता, हे सूनबाईनं मला महिन्यानंतर सांगितलं.

मग मी वाचायला लागले. खूप वेळ पळताना शरीरात एक हार्मोन वाढतं, त्यानं किडनी पाणी धरून ठेवते, बाहेर सोडत नाही. वरनं आपण साधं पाणी ओतत राहिलो की रक्तातलं मीठ पातळ होतं. सगळ्यात पुढं पळणाऱ्यांना प्यायला वेळच नसतो, आमच्यासारखे हळू पळणारे तीन-तीन तास रस्त्यावर असतात आणि प्रत्येक स्टॉलवर थांबतात, त्यांना धोका जास्त. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनला ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, म्हणजे मी काही एकटीच नव्हे. आणि माझ्या बीपीच्या गोळीत थायझाइड होतं, लघवी वाढवणारं, त्यानं आधीच मीठ कमी होतं. गोळी चांगलीच आहे, लाखो लोक घेतात, पण मी लांब पळते हे मीच डॉक्टरांना कधी सांगितलं नव्हतं. माझ्या वयाच्या पळणाऱ्यांनो, तेवढं सांगा बाबांनो, आणि स्वतःच्या मनानं गोळी बंद मात्र करू नका.

वर्षभर मी वेगळं केलं. डॉक्टरांनी गोळी बदलली. लांब पळायच्या आधी आणि नंतर वजन करायचं, वहीत लिहायचं, वाढलं असेल तर प्यायलेलं जास्त झालं. तहान लागली तरच प्यायचं. उतारासाठी रोज खुर्चीवरनं हात न टेकता उठबस, कारण उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात, ते साठीनंतर लवकर भरून येत नाहीत, दोन दोन दिवस जिना उतरता येत नाही. छोटी पावलं टाकायची, मान खाली नाही घालायची.

या वर्षी घाटात तसाच पाऊस. वर जाताना मी अर्ध्याहून जास्त चढ चालले, बिनधास्त चालले. पोरं शेजारनं "काकू भारी" म्हणत जात होती. चार स्टॉल सोडले, तीन ठिकाणी थोडं थोडं प्याले. उतरताना ते वळण आलं तसं माझ्या छातीत धडधडायला लागलं, पळण्यानं नव्हे. कठडा तोच होता. तिथं दुसराच एक मुलगा उभा होता, त्यानं अंगठा दाखवला, मी बांगड्या हलवून बघितल्या, खुळखुळ वाजल्या, आणि पुढं निघाले.

पोरी, मी बोललेलं सगळं माफ कर. रेनकोट घडी करून कपाटात ठेवलाय, गेलं वर्षभर तिथंच आहे. सोबत कंदी पेढ्याचा बॉक्स आता ठेवलाय, तो दर महिन्याला नवा आणीन. पुढच्या वर्षी तू घाटात कुठंही उभी असलीस तर मला नुसती हाक मार, मी थांबेन, टायमिंग गेलं तर जाऊ दे.

तुझी,
शाहूपुरीची काकू