डीसीसी कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडता येत नाही : बोर्ड बदलून मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

टिळकवाडी, बेळगाव

महाशय,

मॉडेल रेल्वेच्या गाड्या रुळांतूनच डिजिटल आज्ञा देऊन चालवणाऱ्या आपल्या डीसीसी कंट्रोलरच्या खोक्यावर ‘यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा, जेएमआरआयवरून गाड्या चालवा’ असे ठळक छापले आहे. (जेएमआरआय म्हणजे कॉम्प्युटरवरून मॉडेल रेल्वे चालवण्याचा प्रोग्रॅम.) मोबाइलवरून वायफायने गाडी व्यवस्थित चालते, त्याबद्दल तक्रार नाही. यूएसबीची बाजू मात्र माल बाहेर पडण्यापूर्वी आपल्याकडे कोणी एकदाही जोडून पाहिलेली दिसत नाही.

सोबतच्या सीडीत यूएसबी जोडणी सांभाळणाऱ्या पीएल२३०३ या चिपचा ड्रायव्हर आहे. बोर्डावर बसवलेली चिप सीएच३४०. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी १ए८६ आणि ७५२३ असा दिसतो. पीएल२३०३ असती तर ०६७बी आणि २३०३ दिसला असता. सीडीतला ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी कॉम पोर्ट (कॉम्प्युटरने कंट्रोलरशी बोलायची वाट) उगवत नाही. सीएच३४०चा टाकला की लगेच कॉम ५ मिळतो. या चिपला स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे वायर दुसऱ्या यूएसबी खोबणीत घातली की पोर्टचा नंबर बदलतो. हेही सोबतच्या माहितीपत्रकात एका ओळीत सांगायला हवे होते.

पत्रकाची दुसरी चूक याहून मोठी. त्यात जेएमआरआयमध्ये सिस्टिम म्हणून ‘लेन्झ’ ही दुसरीच कंपनी आणि वेग ९६०० निवडायला सांगितले आहे. बोर्ड आहे आर्डुइनो मेगा २५६०, त्यावर रुळांना वीज देणारे मोटर शील्ड हे जोडबोर्ड, आणि आत फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्रॅम) डीसीसी-ईएक्स. ते ११५२००च्या वेगावर चालते आणि साध्या अक्षरांतल्या आज्ञा घेते. लेन्झचे एक्सप्रेसनेट ही भाषाच वेगळी. म्हणजे कानडी माणसाशी पंजाबीत बोलायचे आणि उत्तर येत नाही म्हणून त्याला बहिरा ठरवायचे, असा प्रकार. जेएमआरआयच्या प्रेफरन्सेसमध्ये, कनेक्शन्सखाली, डीसीसी-ईएक्सचे सिरियल कनेक्शन आणि कॉम ५ निवडून, सेव्ह करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला की संपर्क होतो. पत्रक मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही, त्याचे काही नाही. निदान इंग्रजीतले तरी बरोबर द्या.

पोर्ट उघडताच मेगा रिसेट होतो आणि ट्रॅकचा करंट जातो. हा दोष नव्हे, आर्डुइनोचा स्वभाव आहे. पण ‘गाडी चालू असतानाही कॉम्प्युटर जोडता येतो’ असे आपण छापता, ते खोटे आहे.

इथवर सगळे आम्ही निस्तरले. पुढचे दोन दोष हार्डवेअरचे आहेत.

शील्डवरचा ‘व्हीइन कनेक्ट’चा ट्रेस (तांब्याची बारीक पट्टी) कापलेला नाही आणि आपण ॲडॉप्टर दिला आहे १५ व्होल्टचा. ट्रेस शाबूत राहिल्याने ट्रॅकचे १५ व्होल्ट थेट मेगाच्या व्हीइनला, म्हणजे वीज घेणाऱ्या पिनला, जातात. मेगासाठी शिफारस आहे ७ ते १२ व्होल्टची. बोर्डाने २०० मिलिअँपिअर ओढले तरी व्होल्टेज ५ पर्यंत उतरवणाऱ्या रेग्युलेटरमध्ये २ वॅट उष्णता होते. काही मिनिटांतच त्यावर बोट टेकवत नाही आणि प्लास्टिक तापल्याचा वास येतो. तो जळाला तर पलीकडे जोडलेल्या कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टचीही धडगत नाही. ट्रेस कापून मेगाला स्वतंत्र ९ व्होल्ट द्यायचे, एवढाच उपाय. ते काम कारखान्यातले, गिऱ्हाइकाच्या ब्लेडचे नव्हे.

दुसरा दोष प्रोग्रॅमिंग ट्रॅकचा, म्हणजे इंजिनाच्या सेटिंग वाचण्या-लिहिण्याच्या वेगळ्या रुळाचा. डीकोडर (इंजिनातली आज्ञा समजणारी चिप) वाचताना इंजिन ‘ऐकले’ असे सांगण्यासाठी साधारण ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअर जादा करंट ओढते, आणि कंट्रोलरने तो झटका ओळखायचा असतो. आपल्या शील्डवर दुसऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमिंग ट्रॅकच्या, आउटपुटची करंट मोजणारी वाट मेगाच्या ए१ पिनपर्यंत पोचतच नाही. तिथला सोल्डर जंपर मोकळा आहे, भिंगाशिवायही दिसतो. पडताळा सोपा आहे. प्रोग्रॅमिंग ट्रॅक चालू करून त्यावर १०० ओहमचा १० वॅटचा रेझिस्टर लावायचा आणि ए१ ते ग्राउंड व्होल्टेज मोजायचे. मोटर ड्रायव्हरमध्ये सुमारे २ व्होल्ट पडतात हे धरले, तर ०.१३ अँपिअर करंट वाहतो, अँपिअरला १.६५ व्होल्ट या हिशेबाने ०.२१ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. येतात शून्य. म्हणून जेएमआरआयच्या डीकोडरप्रोमध्ये सीव्ही १ (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली सेटिंग, १ हा इंजिनाचा पत्ता) देखील वाचता येत नाही, प्रत्येक वेळी ‘इंजिनाकडून उत्तर नाही’ असाच संदेश येतो. शॉर्ट झाला तर या आउटपुटला संरक्षण नाही, ही गोष्ट वेगळीच.

वाचन नसले तर काय बिघडते, असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर विचारले. आमची मॉडेल रेल्वेची मांडणी लोंढा–कॅसलरॉक–कुळे घाटाची आहे. त्या घाटाचा चढ ३७ला १, मागून बँकर (ढकलणारे इंजिन) लावल्याशिवाय गाडी चढत नाही. पुढचे आणि मागचे इंजिन एका वेगाने चालावे म्हणून वेगाचे सीव्ही २, ५ आणि ६ जुळवावे लागतात. मेन लाइनवर लिहिता येते, पण आत आधी काय आहे ते कळल्याशिवाय लिहिणे म्हणजे अंधारात तीर. त्याच प्रतिनिधीने शेवटी कॉम्प्युटर फॉरमॅट करायला सांगितले. उघडा जंपर फॉरमॅटने जुळत नाही.

तरी ए१ जोडलेला आणि ट्रेस कापलेला बोर्ड १५ दिवसांत पाठवावा. जाण्या-येण्याचे कुरिअर आपल्या खर्चाने. ज्यांना हाच कंट्रोलर १५ व्होल्टच्या ॲडॉप्टरसह विकला, त्यांना ट्रेसची सूचना आजच द्यावी. ती आमच्या बदलीसाठी थांबवू नये. मुदतीत काही झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू. २०१९च्या कायद्याने ती राहत्या ठिकाणी करता येते, आपल्या गावी यावे लागत नाही.

बिलाची प्रत, मोकळ्या जंपरचा जवळून काढलेला फोटो आणि मल्टिमीटरच्या वाचनाचा फोटो सोबत जोडला आहे. बोर्ड परत पाठवताना ॲडॉप्टर इथेच ठेवत आहोत, ९ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर मात्र आपण द्यावा.

आपले,
(सही)