मंदिर बांधण्याआधी कीर्तन ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या उपनगरातल्या विठ्ठल मंदिराची जुनी इमारत उतरवून नवी बांधायचे ठरले आहे. वर्गणी जमते आहे, बांधकाम समिती नेमली आहे. बैठकांत चर्चा रंगते ती शिखर किती फुटांचे, कळस कुणाच्या हस्ते आणि फरशी संगमरवरी की ग्रॅनाइटची, यावर. इतर मंदिरांतल्या मंडळींशी बोलले की तिथेही हेच ऐकायला मिळते. ज्या सभामंडपात उद्या सगळ्यांनी बसायचे, तो कसा असावा हा विषय निघतच नाही. मी महिला भजनी मंडळात आहे आणि पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली आहे, म्हणून राहवेना आणि हे पत्र लिहायला घेतले.

सगळ्यात आधी आवाज. जवळच्याच एका मंदिराचा सभामंडप नुकताच नव्याने झाला. उंच घुमट, भिंतींना छतापर्यंत टाइल्स, खाली चकचकीत फरशी. दिसायला देखणाच आहे. पण पहिल्याच सप्ताहात महाराजांनी अभंग निरूपणाला घेतला आणि मागे बसलेल्या आम्हा बायकांना नुसता गोंगाट ऐकू आला, शब्द एकही कळेना. पखवाजाची एक थाप विरायच्या आत दुसरी तिच्यावर चढत होती. त्यावर उपाय म्हणून आणखी दोन मोठे स्पीकर आले आणि घुमणे दुप्पट झाले.

याचे कारण साधे आहे. मंडपाचे घनफळ जितके जास्त, तितका आवाज आत जास्त वेळ रेंगाळतो. तो शोषणारे काही असेल तर लवकर विरतो. बोललेला शब्द नीट कळायला हे रेंगाळणे साधारण सेकंदाच्या आसपास हवे. उंच घुमट, टाइल आणि दगड एकत्र आले की ते सहज तीन-चार सेकंदांवर जाते, आणि तेवढ्यात कीर्तनकार पुढच्या ओळीवर पोचलेला असतो. आपले जुने लाकडी मंडप बाजूंनी उघडे, वर कौले, खाली सतरंज्या. आवाजाला बाहेर जायला वाट होती, म्हणून तिथे माइकशिवाय कीर्तन चालायचे. अंबाबाईच्या देवळातल्या गरुड मंडपाचे खांब कमकुवत झाले तेव्हा तो पुन्हा लाकडातच उभारायचे ठरले, याचा मला मनापासून आनंद झाला. सगळ्यांना सागवान परवडणार नाही, हे कबूल. पण छत बेताच्या उंचीचे आणि उतरते ठेवणे, मागच्या भिंतीला मोठ्या खिडक्या देणे, छताला लाकडी पट्ट्या मारून त्यामागे आवाज शोषणाऱ्या रॉकवूलचा थर घालणे हे आरसीसीतही जमते. आराखड्यातच असले तर त्याचा भार फारसा पडत नाही. नंतर सुचले तर बसवलेल्या टाइल्स फोडाव्या लागतात.

कोल्हापूरला हा विचार नवा नाही. अंबाबाईच्या मंदिराची दिशा आणि दारे अशी साधली आहेत की नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत येतात. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा आहे. कुठे उजेड घ्यायचा आणि कुठे अंधार ठेवायचा हे बांधणाऱ्यांनी आधीच ठरवले होते. राजर्षी शाहू महाराजांचे कुस्तीचे खासबाग मैदान 1912 सालचे. तिथे शेवटच्या रांगेतूनही हौदा दिसतो, कारण बैठक मागे चढत जाते. आणि आमच्या नव्या नकाशात बायकांच्या बाजूला, ऐन नजरेच्या आड दोन खांब!

जोत्याचेही तसेच. देऊळ उंच दिसावे म्हणून 3 फुटांचे जोते आणि पुढे पायऱ्या असे ठरले. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा हवा, म्हणजे 3 फूट चढायला 36 फुटांचा रॅम्प आणि मध्ये विसाव्याला सपाट जागा. एवढी जागा नंतर कुठून काढणार? मग पायऱ्यांच्या कडेला खडा उतार ओतून मोकळे होतात. त्यावरून भरलेली हातगाडीसुद्धा चढत नाही. आमच्या मंडळातल्या गुडघे दुखणाऱ्या आजी हल्ली बाहेरूनच हात जोडून परत जातात. माझ्या मते शिखराची दोन फूट उंची गेली तरी चालेल, पण या आजी आत आल्या पाहिजेत.

जागा नदीच्या बाजूला असेल तर निळी आणि लाल पूररेषा आधी बघा, वास्तुशास्त्रवाल्यांना नंतर बोलवा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. 2019 आणि 2021 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 55 फूट ओलांडले. धोक्याची पातळी 43 फूट आहे. पूर आला की माणसे शाळा, कार्यालये, देवळे अशीच आसऱ्याला येतात. मीटर, पाण्याची मोटर आणि भांड्यांची खोली तळाशी ठेवली तर ऐन गरजेच्या वेळी ती इमारत निरुपयोगी होते. बायकांसाठी पुरेशी स्वच्छतागृहे आणि महाप्रसादाच्या स्वयंपाकघराला धूर व सांडपाणी जायची नीट सोय, याला देणगीदार मिळत नाही, कारण तिथे नावाची पाटी शोभत नाही. हा खर्च वर्गणीतून पहिल्यांदा बाजूला काढावा.

आम्ही एक गोष्ट केली, ती इतरांनीही करून पाहावी. रिकाम्या जागेवर फक्की टाकून नकाशा खऱ्या मापात आखला आणि एका रविवारी सगळे त्यात जाऊन बसलो. खाली बसलेल्या माणसाला साधारण 5 ते 6 चौरस फूट धरले तर कागदावर 300 जण मावत होते. पण टाळकऱ्यांच्या समोरासमोर दोन रांगा उभ्या राहून टाळाच्या तालावर पावल्या सुरू झाल्या आणि निम्मा मंडप त्यांनाच लागला. पालखी दारातून आत आली ती वळेचना, कारण दारासमोर चार फुटांवर भिंत होती. समितीतल्या वडीलधाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि त्याच संध्याकाळी ती भिंत मागे सरकली. बायकांसमोरच्या दोन खांबांचा निर्णय अजून व्हायचा आहे.

म्हणून माझी सर्व समित्यांना कळकळीची विनंती आहे. आर्किटेक्टला पहिली रेघ मारण्याआधी एकदा हरिपाठाला आणि एकदा पूर्ण कीर्तनाला शेवटच्या रांगेत बसवा. समितीत किमान दोन बायका घ्या, कारण स्वयंपाक, झाडलोट आणि काकड आरती त्यांच्याच हातून होते. आणि महापालिकेकडे परवानगीला जाण्यापूर्वी नकाशा महिनाभर देवळाच्या भिंतीवर लावा, शेजारी एक वही ठेवा आणि त्या वहीतल्या प्रत्येक सूचनेवर बैठकीत बोला.

आपली,
महिला भजनी मंडळातील एक वाचक,
कोल्हापूर