सिग्नल यंत्रणा एकच हवी

संपादक साहेब,

कवच (गाड्यांची टक्कर टाळणारी रेल्वेची स्वयंचलित यंत्रणा) किती किलोमीटर झालं याच्या बातम्या येतात, पण त्यातली खरी कामाची गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे स्पेसिफिकेशन आरडीएसओचं (रेल्वेच्या संशोधन आणि मानक ठरवणाऱ्या संस्थेचं) आणि माल बनवणाऱ्या कंपन्या अनेक, म्हणजे एका कंपनीचं इंजिनातलं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या रुळाशेजारच्या यंत्राशी बोललंच पाहिजे. असं असलं की टेंडरला स्पर्धा राहते, भाव आटोक्यात राहतो, नाहीतर रेल्वे एकाच कंपनीच्या दावणीला बांधली जाते!

युरोपने हे भोगलंय, प्रत्येक देशाची सिग्नल यंत्रणा वेगळी, म्हणून अनेक देशांतून धावणाऱ्या थॅलिस गाडीत सात-सात यंत्रणा बसवाव्या लागल्या, मग सगळ्या देशांसाठी एकच असं ईटीसीएस आणलं, तेही अजून पूर्ण झालेलं नाही.

आपल्या मुंबई लोकलमध्ये जुनं एडब्ल्यूएस (सिग्नलबाबत मोटरमनला इशारा देणारी यंत्रणा) आहे आणि त्याच रुळावरून मेल-एक्सप्रेसपण धावतात, तिथे तरी दोन तऱ्हा नकोत. आणि हो, नुसतं कवच लावून भागणार नाही, २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला मोठा रेल्वे अपघात झाला, तिथे घोळ झाला तो सिग्नलच्या वायरिंगच्या कामात, वायरींची लेबलंच चुकीची होती. तेव्हा प्रत्येक स्टेशनची ड्रॉइंग, लेबलं आणि काम झाल्यावरचं टेस्टिंगसुद्धा देशभर एकाच पद्धतीने करा, त्याला खर्चही फार नाही.

– एक लोकल प्रवासी, डोंबिवली