मंत्रिमहोदय, मृगाआधीची लस मृगानंतर आणू नका

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

माण, खटाव, फलटण, आटपाडी, सांगोला या पट्ट्यातली मेंढरं कोकणातून घाट चढून वर आली, त्याला महिना होऊन गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात तळावर येऊन लस टोचू, कुत्र्यांनाही टोचू, असा शब्द मिळाला होता. आता मे संपत आला. चार दिवसांपूर्वी गाडी आली, तिच्यात पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची, लस होती. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन मेंढरं पटकन मरतात त्या रोगाची, नव्हती. कुत्र्यांचं विचारलं तर "ती आमच्याकडे येत नाहीत." आपला वेळ मोलाचा, म्हणून सरळ हिशेबच मांडतो.

मृग 7 जूनच्या आसपास निघतो. पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत माळावर कोवळं गवत फुटतं. वैशाखभर बाभळीच्या शेंगा आणि वाळकं धसकट खाल्लेली मेंढरं त्यावर तुटून पडतात, आतड्यातले जिवाणू एकदम वाढतात आणि विष सोडतात. खांडातलं (कळपातलं) सगळ्यात भरलेलं कोकरू आधी जातं. संध्याकाळी चरत असतं, पहाटे वाघरीत, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणात, मान मागे टाकून ताठ पडलेलं सापडतं. औषधाला उसंतच नसते, म्हणून लस. 2.5 मिली कातडीखाली, पहिल्यांदाच टोचली असेल तर 14-15 दिवसांनी दुसरा डोस, आणि अंगात ताकद भरायला पुढे दोन आठवडे. आता 7 जूनपासून मागे मोजा. दुसरा डोस 24 मेच्या आत, पहिला 10 मेच्या आत. आज पहिला टोचला तरी जून संपेपर्यंत कोकरं उघडीच. मृग आपल्या फायलीसाठी थांबणार असेल तर तसं परिपत्रक काढा, आम्ही तळावर वाचून दाखवू.

लस आली तरी कशी येते तेही बघा. ती 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. बाटली बर्फाला चिकटून गोठली की तिच्यात गुठळ्या होतात, ती फेकूनच द्यावी लागते. उलट तापलेल्या जीपच्या टपावर राहिली तरी गेली. आणि अख्ख्या खांडाला एकच सुई चालवली की आठवड्याने मानेवर गळवं येतात. मग मेंढपाळच लसीला भितो आणि अहवालात तो "अडाणी" ठरतो.

आता कुत्र्यांचं. आमची कुत्री मेंढरं वळत नाहीत, राखतात. रात्री वाघरीच्या चार बाजूंना बसतात, गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा. माळावर लांडगा, ऊसपट्ट्यात बिबट्या. पिल्लू कोकरांतच वाढवावं लागतं आणि कामाला यायला वर्ष-दीड वर्ष जातं. ते लांडग्याने फाडलं तर पंचनाम्यात मेंढीला रकाना आहे, राखणदाराला नाही. पशुगणनेत मात्र कुत्रा येतो बरं का! ऑक्टोबर 2024 ला सुरू झालेल्या 21 व्या गणनेत भटक्या पशुपालकांचीही पहिल्यांदाच वेगळी नोंद झाली. म्हणजे मोजायला आम्ही दोघंही सापडतो, लस द्यायला सापडत नाही.

आणि हा कुत्र्यांचा लाड नव्हे. मेलेल्या मेंढीचं मुंडकं, काळीज, फुप्फुस कच्चंच कुत्र्यापुढे पडतं. त्यातल्या पाण्याच्या पिशव्यांतून त्याला पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत, होतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर जातात आणि मेंढी ती चरते. एका जातीच्या कृमीची पिशवी मेंढीच्या मेंदूत होते, मग ती एकाच बाजूला गरगर फिरते, चरायची थांबते, शेवटी मरते. दुसऱ्या जातीची पिशवी माणसाच्या यकृतातही होते. दवाखान्यातून मेंढीला जंताचं औषध मिळतं, पण मेंढीला पाजून कुत्र्याला सोडलं की फेरा जागच्या जागी. कुत्र्याला प्राझिक्वांटेल लागतं, किलोला 5 मिलिग्रॅम. वीस किलोच्या कुत्र्याला 50 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दर दीड महिन्याला. मुंडकं खड्ड्यात पुरायचं नाहीतर शिजवून घालायचं, हे आम्ही करू. गोळ्या तरी द्या.

चराई अनुदान म्हणून जून ते सप्टेंबर 24,000 रुपये द्यायचं ठरलं आहे. चार महिन्यांचे दिवसाला जेमतेम दोनशे. शंभर मेंढरांचं खांड धरा, एका तोंडाला दोन रुपये! दोन रुपयांत काय चरवायचं, शासन निर्णयाची प्रत? तेही फॉर्म भरताना रेंज मिळाली, ओटीपी आला आणि कायमचा पत्ता सापडला तर. आज पणदऱ्याच्या शिवारात, परवा नीरेकाठी असलेल्या बिऱ्हाडाने कायमचं काय लिहावं? गायरानात सोलरची कुंपणं, वनखात्याच्या हद्दीत दंडाची पावती, रस्त्यावर ट्रकचा हॉर्न. मेंढरांनी उडत जावं अशी काही योजना विचाराधीन आहे का? डोंगराएवढ्या आकड्यांच्या घोषणा दर अधिवेशनात होतात, आणि अडीच मिलीची सिरिंज तेवढी मेमध्ये संपते.

यंदाचं व्हायचं ते होईल. पुढच्या वर्षी 10 मेच्या आत आंत्रविषार, त्याच फेरीत तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस आणि जंताच्या गोळ्या, एवढं तारखेनिशी लेखी द्या. मेंढरं सकाळी सहा ते दहा चरतात, दुपारी बाभळीखाली एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभी असतात. गाडी दुपारीच धाडा, धरायला पळावं लागणार नाही. तळ कुठे आहे ते आदल्या रात्री फोन करून कळवू. शीतपेटीला बर्फ कमी पडला तर तोही आम्हीच आणतो.

आपले,
खांडवाले मेंढपाळ