मागच्या भिंतीवरच्या तारेत करंट सोडण्याच्या ठरावाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
वर्तकनगर, ठाणे (प.)

विषय: विशेष सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेतील विषय क्र. ४ ला हरकत

महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

येत्या रविवारच्या सभेची विषयपत्रिका नोटीस बोर्डावर लागली आहे. त्यातला चौथा विषय, आवारातल्या गाड्यांची नासधूस करणाऱ्याला धरण्यासाठी आणलेला, असा: ‘मागील भिंतीवरील तारेस विद्युतप्रवाह देणे, भिंतीच्या आतील बाजूस खिळ्यांच्या फळ्या बसवणे व सुरक्षारक्षकांस आवश्यक ती मोकळीक देणे.’ ही ‘आवश्यक ती मोकळीक’ काय असते ते सोसायटीच्या ग्रुपवर एका सभासदाने सोप्या मराठीत सांगितलंच आहे: ‘सापडला की आधी धुवायचा, मग पोलिसांना फोन.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली आहे. सभेत बोलायला उभं राहिलं की दोन मिनिटांत कोणीतरी ‘आटपा’ म्हणतं, म्हणून लिहून देतोय.

‘तुमचं काय जातंय?’ असं कोणी म्हणू नये यासाठी आधीच सांगतो, ब्लेडने फाडलेल्या सीटांमध्ये माझ्या स्कूटरची सीटही आहे. सकाळी खाली उतरलो, तो फोम बाहेर लोंबत होता. त्या क्षणी तो माणूस समोर असता तर मी त्याला काय म्हटलं असतं ते या पत्रात लिहिता येणार नाही. टायरमधली हवा सोडणं, पेट्रोल काढणं, ए विंगच्या लिफ्टमधला आरसा फोडणं, नव्या गाडीवर किल्लीने रेघ ओढणं हे सगळं मीही पाहिलं आहे. समितीने काही करू नये असं माझं म्हणणं नाही. आपण जे करायला निघालो आहोत ते करू नये, एवढंच आहे.

आधी करंटचं बोलतो, कारण माझी सगळी नोकरी विजेच्या खात्यात गेली. घरातली वीज २३० व्होल्टची. कोरड्या हाताला शॉक बसला तर माणूस झटकून बाजूला होऊ शकतो. पण पावसात भिजलेला, पाय चिखलात असलेला माणूस घ्या. त्याच्या अंगाचा रोध साधारण हजार ओम धरला तर अंगातून दोनशे मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जातो. दहा-पंधरा मिलिअँपिअरला पकडलेली तार सोडवत नाही, आणि पन्नासच्या आसपासचा प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. ‘थोडासाच सोडू, फक्त झटका बसेल इतका’ असं जे ग्रुपवर चाललं आहे त्याला बटण नसतं. मेनमधून तार जोडली की किती प्रवाह जाणार हे समोरच्याचं ओलं-कोरडं अंग ठरवतं, आपण ठरवत नाही. तीस मिलिअँपिअरला ट्रिप होणारा ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, मधे टाकला, तर पहिल्या पावसात गळती होऊन तो रोज पडेल, आणि वैतागून कोणीतरी तो बायपास करील. हे मी नोकरीत इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की पैज लावायला तयार आहे.

‘गावाकडे शेतात लावतात की’ हाही मुद्दा आला. शेतात रानडुकरांसाठी लावतात ते झटका मशीन वेगळं. त्यातून ठरावीक अंतराने अगदी क्षणभराचा ठोका जातो, सलग प्रवाह जात नाही. थेट लाइनवरून किंवा पंपाच्या कनेक्शनवरून तार टाकणारेही आहेत. त्यांच्या कुंपणावर माणसं मरतात, कधी शेजारचा, कधी तो शेतकरी स्वतःच. विदर्भात वाघही मेले आहेत अशा तारांना चिकटून. तारांना हात लावणाऱ्यांत जंगली जनावरंही असतात ही गोष्ट वर्तकनगरात तरी विसरू नये. येऊरचं जंगल आपल्या पाठीशी आहे. माकडं आपल्या भिंतीवरूनच बी विंगच्या गॅलऱ्यांत येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये बिबट्या थेट कोरम मॉलच्या आवारात शिरला होता, तो आपल्यापासून काही फार लांब नाही. उद्या आपल्या तारेला बिबट्या चिकटला तर वनखात्याला काय सांगणार, त्याने सीट फाडली?

आता माणसांचं. मागच्या भिंतीला हात कोणाचा लागतो याचा विचार समितीने केला आहे का? आपलीच पोरं बॉल आणायला चढतात, त्यांना कितीही ओरडा. केबलवाला वायर ओढायला चढतो. पलीकडच्या गटाराचा गाळ काढणारे महापालिकेचे कामगार भिंतीला टेकून बसतात. वॉचमन निदान टॉर्च मारून बघतो की कोण आहे. तारेला ते जमत नाही, खिळ्यांच्या फळीलाही नाही. ज्याला शिक्षा व्हायची तो कोण, त्याने काय केलं, त्याचं वय काय, यातलं काहीही माहीत नसताना शिक्षा आधीच भिंतीवर लावून आपण वर जाऊन झोपणार. माझी खरी हरकत इथे आहे. समोर चोर उभा असताना रागाने काठी उगारणारा माणूस मला समजू शकतो. त्याच्यापुढे एक माणूस असतो, हात खाली घ्यायची संधी असते. सापळ्याला हात खाली घेता येत नाही.

‘धोका’ असा बोर्ड लावू, असं कार्यकारिणीतल्या एका सदस्याने सुचवलं. त्यावर लगेच दुसऱ्याचं उत्तर, ‘बोर्ड लावला तर सापडणार कसा?’ हे वाचून मी थोडा हललो, कारण हेच उत्तर जवळपास दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका बागवाल्याने दिलं होतं. ब्रिस्टलजवळ त्याची ट्यूलिपची बाग होती, फुलं-कंद चोरीला जात होते. त्याने बागेत तारेला बांधलेली बंदूक लावली. पाटी मुद्दाम लावली नाही, चोर सापडावा म्हणून. सापडला तो एकोणीस वर्षांचा पोरगा, शेजारची लांडोर भिंतीपलीकडे गेली होती ती पकडून द्यायला उतरलेला. बर्ड विरुद्ध होलब्रुक या नावाने १८२८ साली निकाल लागला, त्या जखमी मुलाच्या बाजूने. तोवर, १८२७ मध्येच, त्यांच्या पार्लमेंटने असे सापळे लावणं गुन्हा ठरवलं होतं. रात्रीच्या वेळी राहत्या घराच्या आत लावलेला सापळा तेवढा त्यातून वगळला होता. बंदुकीला सापडला तो फुलं चोरणारा नव्हताच.

इंग्लंड राहू द्या. आपल्या सुप्रीम कोर्टाचा १९६३ चा निकाल आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. सभेपूर्वी तो सचिवांनी जरूर वाचावा. या ग्रेगरीच्या शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत पडली, त्यामुळे त्या घरातली माणसं याच्या संडासात येऊ लागली. याने बजावलं, भांडला, तरी येणं थांबेना. मग याने संडासाच्या वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तिच्यात करंट सोडला. शेजारची एक बाई आत गेली तेव्हा तिचा हात लागला नाही. बाहेर येताना लागला आणि ती गेली. कोर्टात याचं म्हणणं असं, की जागा माझी, ती परवानगीशिवाय आली. कोर्टाने सांगितलं की परवानगीशिवाय आत आला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, आणि ज्याने जबर इजा होणार हे ठाऊक आहे अशी व्यवस्था करून ठेवण्याचा हक्क जागेच्या मालकाला नाही. शिक्षा कायम राहिली. हा ग्रेगरी काही राक्षस नव्हता. रोज कोणी न विचारता आपल्या संडासात येत असेल तर कोणीही चिडेल. पण त्याची चीड मला जितकी समजते, तितकीच ती तार समजत नाही.

काही जण म्हणतील, स्वसंरक्षणाचा हक्क आहे की नाही? आहे. जुन्या दंडसंहितेत होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे, कलम ३४ पासून पुढे. मालमत्तेसाठीही आहे, आणि आगळीक म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस त्यात येते. पण कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. ठराव मांडून, कोटेशन मागवून, तीन इलेक्ट्रिशियनांना बोलावून बसवलेल्या तारेबद्दल ‘वेळ नव्हता’ असं आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो त्याची यादी कलम ४१ मध्ये आहे: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा चोरी-आगळीक करताना जिवाची वा जबर दुखापतीची रास्त भीती वाटणं. स्कूटरची सीट त्यात नाही.

मोकळीक देऊन धुवायच्या कार्यक्रमालाही हेच लागू आहे. कलम ४३ प्रमाणे आगळिकीविरुद्धचा हक्क ती चालू आहे तोवरच. ब्लेड खाली पडलं, पोरगा पळत सुटला, आपण त्याला गेटपाशी धरला, की तिथून पुढे मारलेला प्रत्येक फटका आपल्या खात्यावर. साध्या नागरिकाला एखाद्याला पकडून ठेवायचं असेल तर तेही फक्त डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा फरारी म्हणून जाहीर झालेल्याला, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. फाडलेलं सीट कव्हर त्या वर्गात बसत नाही. खांबाला बांधून व्हिडिओ काढणं तर दूरच. आणि मारणार कोण? एजन्सीचा वॉचमन, बारा तासांची ड्युटी करणारा, ज्याला आपण पावसाळ्यात धड रेनकोट दिलेला नाही. पोरगा दगावला तर आत तो जाईल, आणि आपण म्हणू की आम्ही असं सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं हे मात्र सभेच्या इतिवृत्तात असेल, सचिवांच्याच सुवाच्य अक्षरात. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर सामुदायिक आणि वैयक्तिक अशी दोन्ही असते, हेही त्या निमित्ताने आठवलं.

भिंत उंच करायला माझा विरोध नाही. वर काटेरी तार टाकायलाही नाही, काचाही चालतील. त्या दिसतात. चढणारा बघतो आणि ठरवतो. खिळ्यांची फळी मात्र भिंतीच्या आतल्या बाजूला, कुंड्यांमागे, गवतात ठेवायची आहे, म्हणजे उडी मारणाऱ्याच्या पायात जावी. ती अडवण्यासाठी नाही, जखमी करण्यासाठी आहे. दोन्हींत फरक आहे, आणि समितीतल्या कोणालाही तो कळत नाही असं मला वाटत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. सगळी चर्चा भिंतीपलीकडची वस्ती धरूनच चालली आहे. ‘ती पोरं’ हा शब्द ग्रुपवर इतक्यांदा आला की कोणी पुरावा मागितलाच नाही. मी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, फिरून बघितलं. नासधूस झालेल्या गाड्या बहुतेक रॅम्पजवळच्या रांगेतल्या आहेत. भिंतीला लागून असलेल्या गाड्या, म्हणजे उडी मारून येणाऱ्याच्या हाताशी पहिल्या येणाऱ्या, शाबूत आहेत. रॅम्पजवळच्या पार्किंगच्या जागांवरून गेल्या वार्षिक सभेपासून काय भांडण चाललं आहे ते मी सांगायला नको. लिफ्टचा आरसा तर रात्री गेट बंद असताना फुटला. मी कोणाचं नाव घेत नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण करणारा आतला असेल तर त्याला ही तार कुठे लावलेली आहे, स्विच कुठे आहे, फळ्या कोणत्या कुंडीमागे आहेत, हे सगळं माहीत असेल, कदाचित त्याने सभेत हातही वर केलेला असेल. सापडेल तो पलीकडचा, बॉल आणायला आलेला.

बाकी करण्यासारखं बरंच आहे आणि ते कंटाळवाणं आहे, म्हणून होत नसावं. स्टिल्टमधले मागचे दिवे गणपतीपासून बंद आहेत. कॅमेरे गेटकडे तोंड करून आहेत, रॅम्पकडे एकही नाही. फुटेज किती दिवस साठतं हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. वॉचमनची खुर्ची गेटच्या केबिनमध्ये आहे, रात्री एकदा तरी ती मागे न्यायला हवी. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यापैकी निम्म्यांनी पोलीस ठाण्यात साधी एनसीही, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रारही, दिलेली नाही. प्रत्येकाने वेगळी द्यावी, बिलासकट. एकाच आवारातून इतक्या तक्रारी गेल्या की बीटवरचा पोलीस आपोआप फेरी मारतो. आणि रॅम्पजवळच्या जागांचा निकाल लावा, कसाही लावा, चिठ्ठ्या टाकून लावा.

विषय क्रमांक ४ मागे घ्यावा ही विनंती. घेतला नाही तर मतदानात माझा विरोध नावासकट इतिवृत्तात नोंदवावा आणि त्याची प्रत मला मिळावी. दिव्यांचं वायरिंग मी स्वतः बघून देईन, मजुरी नको. पण ट्यूब आणि शिडी सोसायटीने द्यावी. मागच्या वेळी पंपाच्या पॅनेलसाठी शिडी मी शेजारच्या सोसायटीतून आणली होती, ती परत नेऊन देईपर्यंत मलाच फोन येत होते.

कळावे,
आपला विश्वासू,
सभासद, बी विंग, तिसरा मजला

प्रत: सचिव, खजिनदार, नोटीस बोर्ड (कृपया विषयपत्रिकेच्या शेजारी लावावी, तिच्यावर नको)