सनद नसलेला कोर्टात काय करतो

सिएटल,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

सनद नसताना मी कोर्टात उभा तरी कसा राहतो, असे तू परवा फोनवर विचारलेस. वकिलाला ते खटकणारच, म्हणून सविस्तर लिहितो. मी युक्तिवाद करीत नाही. मारहाण किंवा हेळसांड झाल्यामुळे ज्या मुलाला घरातून काढून फॉस्टर कुटुंबात, म्हणजे तात्पुरता सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या घरी, ठेवले आहे, त्याला समक्ष भेटून, त्याच्या शिक्षकांशी, डॉक्टरांशी आणि आईवडिलांशी बोलून, त्याच्या हिताचे काय दिसते ते मी न्यायाधीशांना लेखी कळवतो. या कामाला इथे 'कासा' (Court Appointed Special Advocate, म्हणजे मुलासाठी कोर्टाने नेमलेला खास प्रतिनिधी) म्हणतात. अपुऱ्या माहितीवर मुलांचे भवितव्य ठरवावे लागते हे इथल्याच किंग काउंटीतील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना बोचत होते आणि त्यातून १९७७ साली ही पद्धत सुरू झाली. सरकारी सोशल वर्करकडे एका वेळी कितीतरी मुले असतात. माझ्याकडे एकच आहे.

त्या मुलाविषयी मात्र तुला एक अक्षरही सांगणार नाही, कारण गुप्ततेची शपथ घेतली आहे. प्रशिक्षणातला एक प्रसंग सांगतो. सरावासाठी दिलेल्या कागदांत एका खोलीत जमिनीवर झोपणारी चार भावंडे होती आणि गटातल्या बहुतेकांनी त्याला हेळसांड ठरवले. मला आपल्या वाड्यातली माजघरातली अंथरुणांची रांग आठवली आणि तसे मी बोलूनही दाखवले. गरिबी कुठे संपते आणि हेळसांड कुठे सुरू होते, यावर मग तासभर वाद झाला. त्या दिवसाइतके मी इतर दिवशी शिकलो नाही.

अहवाल लिहिणे त्याहून कठीण. पहिल्या मसुद्यात मी 'घर अस्वच्छ होते' असे लिहिले, तेव्हा देखरेख करणाऱ्या बाईंनी ते वाक्य खोडून विचारले, "तुम्ही पाहिले काय?" मी पाहिली होती सिंकमधली खरकटी भांडी, मग तेवढेच लिहिले. मुलाची इच्छा आणि माझ्या मते त्याचे हित निराळे असेल, तर दोन्ही स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. मुलाला घरी आणायचे नाही, पैसे द्यायचे नाहीत, असे निर्बंधही आहेत, आणि आल्यागेल्याच्या हातावर खाऊ ठेवणाऱ्या आपल्या माणसाला ते जड जातात.

काळाचे ओझे मात्र सगळ्यांवरच असते. इथल्या १९९७ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने फॉस्टर कुटुंबात राहिले, तर काही अपवाद वगळता आईवडिलांचे हक्क संपुष्टात आणण्यासाठी राज्याला अर्ज करावा लागतो. व्यसनातून सुटू पाहणाऱ्या आईला १५ महिने पुरतातच असे नाही. पण चार वर्षांच्या मुलाने आणखी किती थांबायचे, हेही मला ठरवता येत नाही. आईवर राग धरून शिफारस लिहायची नाही, एवढे पथ्य मी पाळतो, आणि ते दर वेळी साधतेच असे नाही.

आपल्याकडेही पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, नियमांत बालकल्याण समितीने मुलासाठी सपोर्ट पर्सन, म्हणजे खटल्यात त्याला आधार देणारी व्यक्ती, नेमण्याची तरतूद आहे ना? साताऱ्यात प्रत्यक्षात कोणाला नेमतात आणि ती व्यक्ती शेवटच्या तारखेपर्यंत टिकते का, ते कळव. काकूंना साष्टांग नमस्कार सांग. मंगळवारी शाळा सुटल्यावर माझी पुढची भेट आहे.

तुझा मित्र,
श्रीपाद